मित्राचा कॅडी व्हावे की नाही?

वाचकाचा प्रश्न

हे पत्र अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट शहराजवळ राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका वाचकाचे आहे. ते मूळचे साताऱ्याकडचे. २०२० साली, महासाथीमुळे सगळे घरात अडकून पडले असताना, त्यांनी आणि त्यांच्या एका नागपूरकर मित्राने डिस्क गोल्फ, म्हणजे चकती फेकण्याचा खेळ, खेळायला सुरुवात केली आणि तेव्हापासून दर शनिवारी सकाळी दोघे एकत्र खेळतात. मित्राचा खेळ हळूहळू खूप सुधारला. आता तो आठवड्यात मधल्या दिवशीही एकटा सराव करतो. यांचा खेळ मात्र होता तिथेच राहिला. सप्टेंबरच्या अखेरीस होणाऱ्या दोन दिवसांच्या स्पर्धेत मित्राने चाळीस वर्षांवरील हौशी खेळाडूंच्या गटात नाव दिले आहे आणि ‘माझा कॅडी होशील का?’ असे यांना विचारले आहे. कॅडी म्हणजे स्पर्धेत खेळाडूची बॅग घेऊन त्याच्याबरोबर चालणारा मदतनीस. यांनी ‘बघतो’ म्हणून सांगितले, त्याला आता आठवडा झाला. पत्नीचे म्हणणे असे, की दोन दिवस दुसऱ्याची बॅग वाहण्यात कसला मान आहे, आणि रविवारी मुलीला मराठी शाळेत कोण सोडणार? यांची स्वतःची भीती वेगळी आहे. गेल्या महिन्यात एका स्थानिक सामन्यात तळ्याकाठच्या होलवर यांनी मित्राला ऐन वेळी सल्ला दिला, डिस्क पाण्यात गेली, आणि घरी पोहोचेपर्यंत गाडीत दोघेही एकमेकांशी बोलले नाहीत. स्पर्धेत आपल्या चुकीमुळे त्याला दंड बसला तर काय, ही काळजी त्यांना लागली आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे : ‘आणि खरं सांगायचं तर, तो जिंकला तर मला मनापासून आनंद होईल याची मला खात्री नाही. अशा माणसानं कॅडी व्हावं का?’

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट मला सारखी जाणवत राहिली. कॅडीचे काम म्हणजे एकतर ओझे वाहणे किंवा मग खेळाडूला अचूक सल्ला देणे, अशी दोनच रूपे तुम्ही डोळ्यांसमोर धरली आहेत. पहिल्या रूपात तुमच्या पत्नीला कमीपणा दिसतो आणि दुसऱ्याचे तुम्हाला दडपण येते. माझ्या मते हौशी स्पर्धेतल्या कॅडीचे खरे काम बरेचसे या दोहोंच्या बाहेरचे आहे, आणि तुमच्या मित्राच्या बाबतीत ते नेमके कोणते हे त्याला विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. तो ‘होशील का’ म्हणाला, तुम्ही ‘बघतो’ म्हणालात. मधला ‘तुला माझ्याकडून नक्की काय हवं आहे?’ हा प्रश्न राहून गेला. तो विचारायला अजून उशीर झालेला नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, ‘टी’ या सुरुवातीच्या जागेवरून हाताने फेकत फेकत लोखंडी साखळ्या लावलेल्या बास्केटपर्यंत न्यायची, की एक होल पूर्ण होते; असे अठरा होल कमीत कमी फेकींत पुरे करायचे, असा हा खेळ आहे. साखळ्यांची ही बास्केट एड हेड्रिक यांनी सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात तयार केली, आणि त्यांनीच १९७६ साली स्थापन केलेली पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना आजही खेळाचे नियम ठरवते. एका डिस्कचे वजन साधारण १५० ते १७५ ग्रॅम असते. लांब फेकीच्या, मधल्या पल्ल्याच्या आणि बास्केटजवळच्या अशा वीसेक डिस्क, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, छत्री आणि खाण्याचा डबा एवढे सगळे धरले तर बॅग सात-आठ किलोंच्या घरात जाते. दिवसाला दोन फेऱ्या असतील तर ती पाठीवर घेऊन छत्तीस होल चालायचे असतात. हे ओझे थोडे नाही हे मला मान्य आहे. पण केवळ ओझ्यासाठी कोणी मित्राचे दोन दिवस मागत नाही. त्यासाठी दोन चाकांची गाडी विकत मिळते आणि पुष्कळ खेळाडू ती वापरतात. तुमच्या पत्नीला हे जरूर सांगा. हौशी स्पर्धांमध्ये कॅडी म्हणून चालणारी माणसे बहुतेक वेळा खेळाडूची पत्नी, नवरा, भाऊ किंवा जुना मित्र असतात, आणि त्यांना तिथे कोणी नोकर समजत नाही. ज्याच्यासमोर आपला खेळ बिघडलेला दिसला तरी चालेल, असा माणूस खेळाडू शेजारी ठेवतो. तुमच्या मित्राने सगळ्या ओळखीपाळखीतून तुम्हाला विचारले आहे, आणि गाडीतल्या त्या अबोल्यानंतर विचारले आहे, याकडे तुमचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तळ्यात गेलेल्या डिस्कचे त्याने तुमच्या नावावर खाते उघडले असते, तर हे बोलावणे आलेच नसते.

आता काम कोणते ते पाहू. आधीच्या खेळाडूची फेक झाली, तुमचा मित्र आपल्या जागी पोहोचला आणि समोरचा पट्टा मोकळा झाला, की त्याला फेक करायला ३० सेकंद मिळतात. पहिल्यांदा वेळ ओलांडली तर ताकीद मिळते आणि त्याच फेरीत पुन्हा ओलांडली तर एक दंडफेक, म्हणजे त्याच्या फेकींच्या आकड्यात एकाची भर. सरावाच्या शनिवारी हे ३० सेकंद कोणी मोजत नाही. स्पर्धेत मात्र ते फार लवकर संपतात, कारण त्या वेळेत हात पुसायचा असतो, डिस्क निवडायची असते, वारा पाहायचा असतो, आणि मागच्या होलवर झालेली चूकही डोक्यातून काढून टाकायची असते. यांतली जितकी कामे तुम्ही आधीच उरकून ठेवाल, तितके सेकंद त्याला केवळ फेकीसाठी मिळतील.

सकाळच्या पहिल्या फेरीचे उदाहरण घ्या. तुमच्या भागात सप्टेंबरमध्ये गवतावर भरपूर दव असते. टीवरून फेकलेली डिस्क फेअरवेवर, म्हणजे बास्केटकडे जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, सरकत जाऊन थांबते तेव्हा तिच्या खालच्या कडेला गवताची पाती आणि लाल माती चिकटलेली असते, आणि बोटे नेमकी त्याच कडेच्या आतल्या बाजूला धरायची असतात. तुमच्याजवळ दोन टॉवेल हवेत : एक किंचित ओला, माती काढण्यासाठी, आणि एक अगदी कोरडा, जो बॅगेच्या आत ठेवायचा, बाहेर लटकवायचा नाही. मित्राने डिस्कपुढे आपली छोटी खूण-चकती ठेवली, की मगच ती डिस्क उचला. खूण ठेवली जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही, ही सवय आजपासून अंगी लावून घ्या, कारण मदतीच्या घाईत नवख्या कॅडीकडून होणारी चूक बहुधा हीच असते. मग आधी ओल्या टॉवेलने कडेची आतली बाजू अंगठा फिरवत पुसा, नंतर कोरड्याने, आणि तो मागेल तेव्हा त्याच्या हातात द्या. एवढे करताना तुम्हाला एकही शब्द बोलावा लागत नाही. पंधराव्या होलपर्यंत हेच न कंटाळता करत राहिलात, तर तुम्ही त्याला दिलेली मदत कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोठी असेल.

तळ्याच्या प्रसंगाकडे वळते. तुमचा सल्ला बरोबर होता की चूक, याचा निवाडा तुम्ही मनात अजून करत आहात असे पत्रावरून दिसते. माझ्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम आहे. तुम्ही लिहिले आहे की मित्राने डिस्क हातात घेतली होती, तो टीवर उभा राहिला होता, आणि तेव्हा तुम्ही ‘सरळ नको, डावीकडून काढ’ असे म्हणालात. डिस्क हातात घेऊन उभा राहिलेला खेळाडू निर्णय घेऊन बसलेला असतो. त्या क्षणी आलेला सल्ला शंभर टक्के बरोबर असला तरी त्याने एवढेच होते, की मन एका फेकीचे आणि हात दुसऱ्या फेकीचा, अशी अवस्था होते. पाण्यात जाणाऱ्या कितीतरी डिस्क अशा अर्धवट मनाने फेकलेल्या असतात. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकर दोन षटकांच्या मधे खेळपट्टीच्या मध्यावर येऊन काय बोलायचे ते बोलतो, पण गोलंदाज धावत सुटल्यावर तो गप्प असतो. तुमची जागा तीच आहे.

म्हणून स्पर्धेपूर्वी मित्राशी याबाबत स्पष्ट बोलून घ्या. माझी सूचना अशी, की डिस्क कोणती आणि फेक कशी, हा निर्णय सर्वस्वी त्याचा राहील. तुम्ही माहिती पुरवायची, आणि तीही त्याने ‘काय वाटतं?’ असे विचारले तरच. वारा समोरून आहे की पाठीमागून, हे सांगण्यासारखे असते, कारण समोरच्या वाऱ्यात डिस्क एरवीपेक्षा लवकर उलटू पाहते आणि पाठीमागच्या वाऱ्यात लवकर खाली बसते. झाडांच्या आडोशात उभ्या असलेल्या खेळाडूला वरच्या फांद्या हलताना दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. हद्दीबाहेरची रेषा नेमकी कुठून जाते, बास्केटच्या मागे उतार आहे का, हेही सांगण्यासारखे आहे. ‘गेल्या वेळी इथेच तुझी डिस्क झाडाला लागली होती’ हे मात्र कितीही खरे असले तरी सांगण्यासारखे नाही.

एक शक्यता अशीही आहे की त्याला सल्ला हवाच असेल. काही खेळाडूंना कोणीतरी ‘इथे धोका घेऊ नकोस’ असे म्हणणारे लागते, कारण स्वतःला थांबवणे त्यांना जमत नाही. तसे असेल तर त्याने ते शांतपणे, घरी बसून, तुम्हाला सांगितले पाहिजे, आणि कोणत्या होलवर ते लागू आहे हेही आधीच ठरले पाहिजे. त्यासाठी शक्य झाल्यास स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात त्याच मैदानावर दोघांनी एक फेरी चाला आणि जिथे पाणी आहे, जिथे वाट अरुंद आहे, तिथे थांबून ‘या होलवर आपण सावध खेळायचं’ असे ठरवून टाका. मग ऐन वेळी तुम्हाला फक्त ‘ठरल्याप्रमाणे’ एवढेच म्हणावे लागेल. २०२१ साली युटामधील ऑग्डेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड यांनी सुमारे २४७ फुटांवरून, म्हणजे ७५ मीटरवरून, थेट बास्केटमध्ये डिस्क टाकून पॉल मॅकबेथ यांच्याशी बरोबरी केली आणि पुढे जादा होलवर विजेतेपद मिळवले. ती फेक पाहून अंगावर काटा येतो, आणि ती पाहिलेल्या प्रत्येक हौशी खेळाडूला कधी ना कधी तसे करून पाहावेसे वाटते. पण कॉनरॅड एका फेकीने मागे होते आणि होल शेवटचे होते. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. तुमचा मित्र शनिवारी सकाळी पाचव्या होलवर असेल तेव्हा त्याच्यापुढे दुसरा मार्ग असेल, आणि तो कोणता हे दोघांनी आधी बोलून ठेवलेले असेल.

(मुलांच्या स्पर्धेत कॅडी म्हणून जाणाऱ्या आईवडिलांनी वरचा भाग स्वतःसाठी पुन्हा वाचावा. मित्राला ‘गप्प बस’ असे म्हणता येते. बारा वर्षांच्या मुलाला वडिलांना तसे म्हणता येत नाही, म्हणून तिथे संयमाची सगळी जबाबदारी मोठ्या माणसावर येते.)

दंडाची तुमची भीती निराधार नाही, पण ती आटोक्यात ठेवता येण्यासारखी आहे. कॅडीला खेळाडूचेच नियम लागू होतात आणि त्याच्या गैरवर्तनाचे परिणाम खेळाडूलाही भोगावे लागतात, हे खरे. परंतु तुमच्यासारख्या जबाबदार माणसाकडून जे घडू शकते ते गैरवर्तन नसते. त्या अजाणतेपणी होणाऱ्या गोष्टी असतात आणि त्या आधी माहीत करून घेता येतात. कोणी फेकत असताना तुम्ही त्याच्या मागे किंवा बाजूला, नजरेच्या टप्प्याबाहेर, स्थिर उभे राहायचे. इतरांचे लक्ष विचलित केले तर आधी ताकीद आणि नंतर दंड होऊ शकतो. फेकीच्या वाटेत येणारी फांदी मित्रासाठी धरून ठेवायची नाही, वाकवायची नाही, मोडायची तर मुळीच नाही. बॅग अशा जागी ठेवायची की कोणाचीही डिस्क येऊन तिच्यावर आदळणार नाही. नियमभंग झाला आहे असे सांगण्याचा अधिकार खेळाडूंना आणि पंचांना आहे, कॅडीला नाही. म्हणून दुसऱ्या कोणाचा पाय रेषेबाहेर पडलेला दिसला तरी तुम्ही बोलायचे नाही. फेरी चालू असताना मद्य नको आणि फोन गाडीतच राहिला तर उत्तम. गुणफलकावर चुकीची बेरीज गेली तर दोन दंडफेकी बसतात, तेव्हा मित्राच्या फेकी मनातल्या मनात मोजत राहा आणि होल संपल्यावर आकडा चुकतो आहे असे वाटले तर त्यालाच हळू सांगा. सुरुवातीच्या टीवर वेळेत न पोहोचल्यास त्या होलला पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेल्या फेकींपेक्षा, चार फेकी जास्त लावल्या जातात; घड्याळाची ही जबाबदारी तुम्ही पूर्णपणे स्वतःकडे घ्या. नियमांचे पुस्तक पीडीजीएच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळते. कॅडीच्या पोशाखाबद्दल किंवा नोंदणीबद्दल या स्पर्धेत काही अट आहे का, हे आयोजकांना पत्र पाठवून विचारा. असे विचारण्यात काही चुकीचे नाही आणि त्यांना त्याची सवय असते.

कार्डवर, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, बहुधा आणखी तिघे असतील. पहिल्या टीवर स्वतःहून पुढे होऊन त्यांच्याशी ओळख करून घ्या. हरवलेली डिस्क शोधायला तीनच मिनिटे मिळतात आणि ती न मिळाल्यास एक दंडफेक बसते, म्हणून दुसऱ्याची डिस्क झुडपात गेली तरी तुम्ही सर्वांत आधी शोधायला जा. इथे मला एक गोष्ट थोडी सविस्तर सांगाविशी वाटते, कारण परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना ती फार उपयोगी पडेल. तुम्ही आणि तुमचा मित्र एकमेकांशी मराठीत बोलता. कठीण क्षणी आपल्या भाषेतला ‘जाऊ दे रे, पुढचं बघ’ एवढा एक आवाज माणसाला जितका सावरतो तितके दुसरे काही सावरत नाही, आणि तो आधार त्याला जरूर द्या. पण इतर तिघांना मराठी कळत नाही. त्यांच्यापैकी कोणी फेक चुकवल्यावर लगेच तुम्ही दोघे हलक्या आवाजात मराठीत काही बोललात, तर ते बोलणे जेवणाच्या डब्याबद्दल असले तरी त्यांना आपल्याबद्दल वाटेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तेव्हा इतरांच्या फेकीच्या आसपास मराठी बोलणे टाळा आणि पुढच्या टीकडे चालत जाताना मोकळेपणाने बोला. मित्रालाही हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर तो गैरसमज करून घेणार नाही.

तुमच्या शरीराची काळजीही घ्या, कारण डिस्क शोधायला जंगलात तुम्हीच जास्त शिरणार आहात. कॅरोलिनाच्या रानात पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल आणि गोचिडी दोन्ही आहेत. लांब पायमोजे घाला, तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे नीट पाहा. दमट उन्हात नुसत्या पाण्यावर भागत नाही, मीठ-साखरेचे पाणी बरोबर ठेवा. दोन फेऱ्यांच्या मध्ये जड जेवण नको. केळे, दाण्याची चिक्की आणि थोडा दहीभात पुरेसा होतो. भूक लागली आहे हे खेळाडूला स्वतःला उशिरा कळते. त्याचे हातवारे चिडके झाले की काही न बोलता चिक्कीचा तुकडा पुढे करावा.

आता तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलेल्या आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटलेल्या वाक्याबद्दल. मित्र जिंकला तर मनापासून आनंद होईल की नाही, याची तुम्हाला खात्री नाही. तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. मात्र त्यामागचे एक गृहीतक तपासून पाहावे असे मला वाटते : मन संपूर्ण स्वच्छ असल्याशिवाय माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडता येत नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे असते तर भावाच्या यशात भावाने, सहकाऱ्याच्या बढतीत सहकाऱ्याने कधी हात लावलाच नसता. माणसे मनात थोडे खुपत असतानाही नीट वागतात आणि त्यांचे ते वागणे खोटे नसते.

शिवाय हे खुपणे नेमके कशाचे आहे, याचाही विचार करा. पत्रात तुम्ही त्याच्या चांगल्या फेकींबद्दल एकच वाक्य लिहिले आहे, पण ‘आता तो मधल्या दिवशी एकटाच सरावाला जातो, मला विचारतही नाही’ हे दोन ठिकाणी लिहिले आहे. मला तरी यात हेव्यापेक्षा दुरावल्याचे दुःख अधिक दिसते. ज्या खेळाने तुम्हा दोघांना त्या कठीण वर्षात एकत्र आणले, तोच खेळ आता त्याला तुमच्यापासून लांब नेतो आहे असे तुम्हाला वाटत असावे. हे खरे असेल तर कॅडी होण्याने तुमचे काही बिघडणार नाही. उलट बऱ्याच दिवसांनी तुम्ही दोघे सलग दोन दिवस एकत्र चालाल.

पण मी चुकतही असेन, म्हणून स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारून पाहा. शनिवारी पहिल्याच फेरीत त्याचा खेळ पार कोसळला आणि बक्षिसाची आशा संपली, असे समजा. त्या वेळी तुमच्या मनात आधी काय येईल? वाईट वाटेल आणि त्यात कुठेतरी थोडे हायसेही वाटेल, तर काळजी करू नका. ते माणसाचे मन आहे आणि तुमच्या हातातला टॉवेल त्याने थांबणार नाही. पण केवळ हायसे वाटणार असेल, किंवा तो चुकावा अशी इच्छा तुम्हाला प्रत्येक टीवर दाबून ठेवावी लागणार असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. दोन दिवस, छत्तीस-छत्तीस होल, इतक्या जवळून ते लपणार नाही आणि मैत्रीला नकारापेक्षा त्याचाच जास्त त्रास होईल.

कोणताही निर्णय घेतलात तरी हे मनातले स्पर्धेपूर्वी त्याच्यापाशी बोलू नका, असे माझे मत आहे. एरवी मी मोकळेपणाने बोलण्याच्या बाजूने असते, पण इथे तुमच्या बोलण्याने तुम्हाला हलके वाटेल आणि पहिल्या टीवर उभा राहताना तुमचे मन सांभाळण्याचे काम त्याच्याकडे जाईल. स्पर्धा झाल्यावर, एखाद्या निवांत शनिवारी, ‘तू एकटा जातोस तेव्हा मला चुकल्यासारखं वाटतं’ एवढे सांगितलेत तरी पुरे. हेवा हा शब्द उच्चारण्याचीही गरज नाही.

नाही म्हणायचे असेल तर कामाची किंवा पाहुण्यांची खोटी सबब सांगू नका, कारण तुमचा गोतावळा एकच आहे आणि रविवारी तुम्ही कुठे होतात हे त्याला सोमवारी कळेल. ‘मला जमेल असं वाटत नाही, पण सरावाच्या फेरीला मी नक्की येतो आणि शनिवारी दुपारचं जेवण माझ्याकडून’ असे सांगितले तर त्यात नकारही येतो आणि आपुलकीही राहते. आणखी एक मार्ग म्हणजे फक्त शनिवार स्वीकारणे. रविवारची मराठी शाळा ही माझ्या दृष्टीने किरकोळ सबब नाही. परदेशात तो तास मुलीसाठी आणि तुमच्या पत्नीसाठी किती मोलाचा असतो हे मी जाणते. मात्र एकच दिवस जाणार असाल तर ते आत्ताच ठरवा आणि आत्ताच सांगा. शनिवारी संध्याकाळी तो पहिल्या पाचांत आहे आणि तुम्ही ‘उद्या मला जमणार नाही’ म्हणत आहात, ही वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका. आधी कळले तर रविवारसाठी तो बॅगेच्या दोन चाकी गाडीची सोय करील किंवा दुसऱ्या कोणाला विचारील.

माझा स्वतःचा कल तुम्ही दोन्ही दिवस जावे याकडे आहे, पण तो पत्नीच्या संमतीवर अवलंबून आहे, आणि ती संमती ‘मी कबूल केलंय’ असे सांगून मिळवायची नसते. तिने पत्रात विचारलेला प्रश्न मानाचा दिसत असला तरी मला त्यात आणखी काही ऐकू येते : दर शनिवार तुम्ही खेळायला जाताच, आता रविवारही. तेव्हा बॅग वाहण्यात कमीपणा नाही हे पटवून देण्यापूर्वी, त्या महिन्यातला एखादा शनिवार घरी देण्याची तयारी आहे का, हे स्वतःशी ठरवून मग तिच्याशी बोला.

आणि होकार दिलात तर परतीच्या गाडीचेही आधीच ठरवून ठेवा. फेरी संपल्यावर पहिला तासभर कोणत्याही फेकीचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचे, मत विचारले तर द्यायचे. तळ्याच्या वेळी तुम्ही दोघे गप्प होतात कारण काय बोलायचे ते कोणालाच सुचत नव्हते. या वेळी गप्प राहिलात तर ते दोघांनी मिळून ठरवलेले असेल.

स्पर्धेत कॅडी कसे वावरतात हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर तुमच्याजवळच रॉक हिलला विंथ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होत आली आहे. तिची जुनी चित्रणे इंटरनेटवर आहेत. खेळाडूंकडे न पाहता एक तास फक्त कॅडींकडे पाहा : ते कुठे उभे राहतात, बॅग कुठे ठेवतात, कधी बोलतात. त्यापूर्वी मात्र आज संध्याकाळी पत्नीशी आणि उद्या मित्राशी बोलून घ्या. आठवडाभर ‘बघतो’वर थांबलेल्या माणसाला उत्तर मिळाले पाहिजे, मग ते होकाराचे असो वा नकाराचे.